वाचकांचे प्रश्न : केबलची भांडणं आणि आपले शेअर

या महिन्यात पत्रं बरीच आली आणि त्यातल्या चार जणांनी वेगवेगळ्या शब्दांत जवळपास एकच गोष्ट विचारली, की कॉम्प्युटरच्या जगात हे पोर्ट का ते पोर्ट, ही केबल का ती केबल अशी जी भांडणं चालू असतात त्यावर बघून शेअर घ्यावेत का. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात, आज हेच चार. मी संभाजीनगरात वीस वर्षं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवलंय, कितीतरी पोर्टं माझ्या काउंटरवर आली आणि माझ्या डोळ्यांदेखत भंगारातही गेली, त्यामुळं विषय जिव्हाळ्याचा आहे, उत्तर लांबलं तर सांभाळून घ्या.

प्रश्न : रामराम सर. आमची लातूरला मार्केट यार्डात अडत आहे. मी पुण्याला इंजिनिअरिंग करून परत आलो आणि आता दुकान बघायलोय. ॲपवरून अमेरिकन शेअर घेत असतो थोडे थोडे. माझा जुना रूममेट म्हणायलाय की एआयच्या चिपा एकमेकींना जोडायची एनव्हिडियाची एनव्हीलिंक आहे ना, तिच्या विरोधात बाकी सगळ्यांनी मिळून यूएलिंक नावाचं स्टँडर्ड काढलंय, आणि सगळे एका बाजूला झाले की एकटा हरतोच, तर एनव्हिडिया विकून टाक आणि एएमडी घे. पटायलंय पण हात धजत नाही. कोण जिंकणार सर?

उत्तर : दादा, हात धजत नाही ते बरंच आहे, कारण तुझ्या मित्रानं दोन वेगळे प्रश्न एकात मिसळलेत. कोणतं स्टँडर्ड जिंकणार हा एक, आणि त्यातून शेअरहोल्डरला पैसा कुणाच्या कंपनीत मिळणार हा दुसरा. लोक पहिल्याचं उत्तर शोधतात आणि दुसऱ्यावर पैसे लावतात.

आधी भांडण नेमकं काय आहे ते बघू. एआयचं मोठं मॉडेल एका चिपमध्ये मावत नाही, ते बऱ्याच चिपांवर वाटून चालवावं लागतं, आणि मग चिप कितीही तगडी असली तरी शेजारच्या चिपकडून माहिती यायला उशीर झाला की ती नुसती बसून राहते. कॉम्प्युटरमध्ये कार्ड बसवायचा साधा पीसीआय एक्सप्रेस ५.० चा सोळा लेनचा मोठा स्लॉट दोन्ही दिशांचं मिळून सेकंदाला साधारण १२८ जीबी नेतो, आणि पाचव्या पिढीची एनव्हीलिंक एका चिपला १.८ टीबी देते, म्हणजे जवळपास चौदा पट. एनव्हिडिया असे ७२ जीपीयू, म्हणजे तिच्या एआयच्या चिपा, एका रॅकमध्ये जोडून विकते, ग्राहक चिप घेतो तेव्हा जोडणीही तिचीच घेतो. हेच बाकीच्यांना खुपतंय. मे २०२४ मध्ये एएमडी, इंटेल, गुगल, मायक्रोसॉफ्ट, मेटा, सिस्को वगैरे एकत्र आले, एप्रिल २०२५ मध्ये यूएलिंकचं १.० आलं, त्यात १,०२४ चिपा जोडता येतील असं लिहिलंय. पण ते कागदावरचं स्टँडर्ड आहे बघ. कागद छापल्यापासून तसली स्विच चिप, म्हणजे बाकीच्या चिपांना एकमेकींशी जोडणारी, तयार होऊन, तपासून, रॅकमध्ये बसून, बिल फाटेपर्यंत दोन-तीन वर्षं सहज जातात.

आणि 'सगळे एका बाजूला' हे पण पूर्ण खरं नाही. इंटेल यूएलिंकमध्ये आहे, आणि त्याच इंटेलमध्ये एनव्हिडियानं ५०० कोटी डॉलर घालायचं सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं, सोबत हे पण की इंटेल एनव्हीलिंकवाले प्रोसेसर बनवणार. म्हणजे एका मांडवात वरात आणि दुसऱ्या मांडवातही जेवण. त्याआधीच मे २०२५ मध्ये एनव्हिडियानं एनव्हीलिंकचं दार दुसऱ्यांच्या चिपांसाठी थोडं उघडलं होतं. तर कन्सॉर्शियममध्ये, म्हणजे कंपन्यांच्या अशा गटात, कुणाचं नाव आहे यावरून कंपनी कुणाच्या बाजूची हे ठरवायचं नाही, नाव सगळेच लिहून ठेवतात.

आता दुसरा प्रश्न, आणि हा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. २००२-०३ च्या सुमाराला माझ्याकडं लग्नाच्या शूटिंगवाल्यांची लाइन लागायची, फायरवायर, म्हणजे कॅमेरा जोडायच्या पोर्टाचं, कार्ड टाकून द्या म्हणून. डीव्ही टेपचा कॅमेरा, एक तासाची टेप कॉम्प्युटरवर घ्यायला पूर्ण एक तास आणि १३ जीबी जागा. हे काम त्या वेळच्या यूएसबीला झेपतच नव्हतं, यूएसबी १.१ म्हणजे सेकंदाला १२ मेगाबिट आणि फायरवायर ४००. तांत्रिक बाजूनं बघितलं तर तुलनाच नाही, फायरवायर कितीतरी सरस. मुळात ते ॲपलनं वाढवलेलं, १९९५ मध्ये त्याचं आयईईई १३९४ हे स्टँडर्ड झालं. पण १९९९ च्या सुरुवातीला ॲपलनं एका पोर्टमागं १ डॉलर मागायचा घाट घातला. तिकडं इंटेलनं यूएसबी फुकट देऊन टाकलं, कुणीही लावा, रॉयल्टी नाही. (त्या कामात आपल्या वडोदऱ्याचे अजय भट्ट पुढं होते हे माहीत असेलच.) १ डॉलर ऐकायला काहीच नाही, पण मदरबोर्डवाला पैशापैशाचा हिशोब करतो, त्याला हे मोठं होतं. पुढं सगळ्या पेटंटवाल्यांचं मिळून एका मशीनमागं २५ सेंट ठरलं खरं, तोवर बाजार निघून चालला होता. २००० मध्ये यूएसबी २.० आलं, ४८० मेगाबिटचं, आणि काही वर्षांत माझ्याकडची फायरवायर कार्डं पडून राहिली.

इथपर्यंतची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. पण आता शेअरच्या नजरेनं बघ. 'फायरवायर हरलं म्हणजे ॲपल गेली' असं समजून त्या वेळी कुणी ॲपल विकला असेल तर त्याचं काय झालं असेल? २००१ चा पहिला आयपॉड फायरवायरवरच चालायचा. विंडोजवाल्यांकडं ते पोर्ट नाही म्हटल्यावर ॲपलनं २००३ पासून आयपॉड यूएसबीवर आणायला सुरुवात केली आणि थोड्या वर्षांत स्वतःचंच पोर्ट सोडून दिलं. आयपॉड मग कुठल्या कुठं गेला आणि शेअरही. पोर्टाच्या लढाईत हरलेली कंपनी शेअरच्या लढाईत जिंकली, कारण तिची कमाई पोर्टावर नव्हती, पोर्टाला जोडायच्या वस्तूवर होती. इंटेलचंही तेच, यूएसबीवर एक पैसा घेतला नाही, पण यूएसबीमुळं पीसी वापरायला सोपा झाला, पीसी खपले की प्रोसेसर खपले.

उलटं पण होतं. नेटवर्कच्या केबलमध्ये इथरनेट जिंकलं, आयबीएमचं टोकन रिंग हरलं. इथरनेट काढणाऱ्या बॉब मेटकाफनी १९७९ मध्ये थ्रीकॉम नावाची कंपनी काढली होती. स्टँडर्ड इतकं जिंकलं की आज तुझ्या दुकानाच्या राउटरच्या मागं पण तेच आहे. आणि थ्रीकॉम? २०१० मध्ये एचपीनं घेऊन टाकली, नाव पुसलं गेलं. आयबीएम मात्र आहे. स्टँडर्ड सगळ्यांचं झालं की ते बनवायला दहा जण उभे राहतात, भाव पडतो, आणि ज्यानं काढलं त्याला वेगळा भाव कोण देणार.

लातूरकरांना हे रेल्वेवरून लगेच कळेल. आपल्याकडं बार्शी लाइट रेल्वेची नॅरोगेज होती, २ फूट ६ इंचांची. कुर्डुवाडीला ब्रॉडगेज समोर उभी, पण डबा तिकडं जात नाही, म्हणून पोतं न् पोतं उतरवा आणि परत चढवा. इंटरफेस न जुळणं म्हणजे नेमकं हेच, बाकी काही नाही. २००७-०८ मध्ये लातूर-धाराशिव-कुर्डुवाडी ब्रॉडगेज झाली. फायदा कुणाला झाला? ज्याच्याकडं न्यायला माल होता त्याला आणि मुंबईला जायची गरज होती त्याला. रुळांमधलं अंतर किती आहे यावर कुणी पैसे कमावले नाहीत. नुकसान मात्र अगदी ठराविक लोकांचं झालं, ज्यांचं पोट मधल्या चढउतारीवर होतं त्यांचं. शेअर घेताना मी पहिल्यांदा हेच शोधतो, की ही कंपनी माल असलेली आहे का चढउतारीची. चढउतारीची, म्हणजे दोन न जुळणाऱ्या गोष्टींमधल्या फटीवर जगणारी, असेल तर स्टँडर्ड एक झालं की तिचा धंदा बसतो.

आणि तिसरी जात तुझ्या घरातलीच आहे. सोयाबीन ४ हजारांवर असू दे नाहीतर ६ हजारांवर, अडत्याची अडत आणि तोलाई चालूच असते. टेकमध्ये अशा कंपन्या आहेत ज्या दोन्ही बाजूंना माल देतात, अँफिनॉल कनेक्टर आणि केबली बनवते, सिनॉप्सिस चिपच्या डिझाइनसाठी लागणारे तयार इंटरफेसचे भाग विकते, कीसाइट तपासणीची यंत्रं बनवते. कोणतंही स्टँडर्ड येऊ दे, यांना काम आहे. घे म्हणून सांगत नाही बरं का, त्यांचे भाव पण चढलेले असतात, आणि यार्डात आवकच कमी झाली तर अडत्याचं काय होतं ते तुला मी सांगायला नको. एआयवरचा खर्च थांबला तर दोन्ही बाजू आणि मधले सगळे एकदम खाली येतील.

तेव्हा मित्राच्या सांगण्यावरून एक विकून दुसरा घेऊ नकोस. एएमडी घ्यायची तर तिच्या चिपा किती विकल्या जातायत ते बघून घे, यूएलिंक जिंकणार म्हणून नको. आणि ॲपवरचे अमेरिकन शेअर इन्कम टॅक्स रिटर्नच्या शेड्यूल एफए या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवतोस ना? रक्कम लहान असली तरी दाखवावे लागतात, बरीच पोरं विसरतात.

प्रश्न : सर नमस्कार, मी अंबाजोगाईला शिक्षिका आहे. सगळ्या फोनला आता टाइप-सी केलंय, आयफोनला सुद्धा. मग चार्जर आणि केबल बनवणाऱ्या कंपन्यांची चांदी होणार असं भाचा म्हणतो आणि ॲपलला फटका बसणार म्हणतो. दोन्हीपैकी काही खरं आहे का?

उत्तर : ताई, दोन्ही फारसं खरं नाही. युरोपनं कायदा केला, २८ डिसेंबर २०२४ पासून तिथं विकला जाणारा नवा फोन टाइप-सीचाच पाहिजे. आपल्याकडं बीआयएस या सरकारी मानक संस्थेनं पण जानेवारी २०२३ मध्ये टाइप-सीचं मानक काढलं. ॲपलनं कायद्याच्या तारखेची वाटच बघितली नाही, सप्टेंबर २०२३ चा आयफोन १५ टाइप-सीवर आणला. २०१२ पासूनचं लायटनिंग पोर्ट गेलं, त्याच्या केबली बनवायला ॲपलचं लायसन्स लागायचं, ती कमाई कमी झाली असणार. पण आयफोन घेणारा माणूस पोर्ट बघून फोन घेत नव्हता आणि पोर्ट बदललं म्हणून सोडणारही नव्हता. एवढ्या मोठ्या धंद्यात ती रक्कम म्हणजे पोत्यातून सांडलेले दाणे.

आणि केबलवाल्यांची चांदी कशी होणार? घरात सगळ्यांना एकच केबल चालायला लागली की केबली कमी लागतात, जास्त नाही. त्यात टाइप-सी कुणीही बनवू शकतो, म्हणजे परत भावाची मारामारी. सक्तीमुळं एखाद्या वस्तूची मागणी वाढणं आणि ती बनवणाऱ्याचा नफा वाढणं यात फार अंतर आहे, मी हे दुकानात डोळ्यानं बघितलंय, यूएसबी केबलचा खप दहापट झाला तेव्हा एका केबलमागं सुटणारे पैसे दहावा हिस्सा सुद्धा उरले नव्हते. भाच्याला म्हणावं कंपनीचा नफ्याचा टक्का चार वर्षांचा काढून दाखव, मग बोलू.

प्रश्न : जालन्याहून लिहितोय. मला एकानं सांगितलं की ज्या कंपनीकडं स्टँडर्डचं पेटंट असतं ती काही न करता बसून खाते, प्रत्येक मशीनमागं पैसे येतच राहतात. असे शेअर शोधून घ्यावेत का? स्टीलच्या धंद्यात असलं काही नसतं म्हणून विचारायलोय.

उत्तर : भाऊ, या गोष्टीत दम आहे पण बसून खायचं त्यात काही नाही, निम्मा वेळ कोर्टात जातो. एक उदाहरण माझ्या हातून गेलेलं सांगतो. रॅम्बस नावाच्या कंपनीनं मेमरीची नवी पद्धत काढली, आरडीरॅम, आणि १९९६ मध्ये इंटेलशी करार केला की पुढची मेमरी हीच. स्वतः चिप बनवायची नाही, बनवणाऱ्यांकडून रॉयल्टी घ्यायची. कागदावर एकदम तुम्ही म्हणता तसा धंदा. २००० च्या सुरुवातीच्या महिन्यांत शेअर कित्येक पट चढला.

इकडं माझ्याकडं एका कॉलेजच्या ऑफिसचे पेंटियम ४ आले, मेमरी वाढवायला. त्यात आरडीरॅम. पट्ट्या जोडीनंच लावायच्या, एक चालत नाही, आणि रिकाम्या स्लॉटमध्ये सुद्धा एक मुकी पट्टी बसवावी लागते नाहीतर मशीन चालूच होत नाही. भाव ऐकून हेडक्लार्क साहेबांनी हात जोडले, म्हणाले राहू द्या आहे तसं. त्यांना रॅम्बसही माहीत नव्हतं आणि मेमरीची स्टँडर्ड ठरवणारी जेडेक ही संस्थाही नाही, पण निकाल असल्याच लाखो टेबलांवर लागला. मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांना रॉयल्टी द्यायची नव्हती, त्या डीडीआर या दुसऱ्या मेमरीच्या मागं उभ्या राहिल्या, प्रोसेसर आणि मेमरी जोडणाऱ्या इंटेलच्या चिपसेटमध्ये अडचणी निघाल्या, आणि २००१ मध्ये खुद्द इंटेलनं पेंटियम ४ साठी साध्या एसडीरॅम मेमरीचा चिपसेट काढला. शेअर जेवढा चढला होता त्यातला बहुतेक सगळा उतरला. पुढं वर्षानुवर्षं खटले. इन्फिनियॉनशी मिटवामिटव २००५ मध्ये, सॅमसंगशी २०१० मध्ये, हायनिक्स आणि मायक्रॉनशी २०१३ मध्ये. मला यात सगळ्यात विचार करण्यासारखं काय वाटतं तर हीच कंपनी आज डीडीआर५ च्या पट्टीवर बसणाऱ्या चिपा विकते, म्हणजे ज्या घराण्याच्या मेमरीनं तिला हरवलं त्याच घराण्याला माल देऊन ती सावरली. पण मधली वर्षं शेअर धरून बसायला किती जणांची छाती झाली असती?

दुसऱ्या बाजूला क्वालकॉम बघा. तिची पेटंटं मोबाइल नेटवर्कच्या स्टँडर्डमधली, पोर्टाची नाहीत, पण धंदा त्याच जातीचा. ॲपलशी दोन वर्षं खटला चालला आणि १६ एप्रिल २०१९ ला तडजोड झाली तर एका दिवसात शेअर २३ टक्के वर. ऐकायला छान वाटतं, पण कोर्टाचा निकाल उलटा लागला असता तर तेवढाच खाली गेला असता. तुमचा पैसा न्यायाधीशाच्या एका कागदावर लावायचा असेल तरच. आणि अजून एक, स्टँडर्डमध्ये पेटंट द्यायचं तर बहुतेक वेळा 'वाजवी दरात सगळ्यांना देऊ' असं लिहून द्यावं लागतं, म्हणजे मनाला येईल तो भाव लावता येत नाही. स्टीलमध्ये माल तरी डोळ्याला दिसतो. असले शेअर घ्यायचेच असले तर एकूण पैशातला अगदी छोटा हिस्सा, आणि तोही पेटंट किती सालापर्यंत आहेत ते बघून, कारण वीस वर्षांनी पेटंट संपतं.

प्रश्न : मी नांदेडला बीसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. एका टेक कंपनीचे थोडे शेअर घेतलेत, शिकवणीच्या पैशातून. कंपनी एका स्टँडर्डवर अवलंबून आहे का नाही हे माझ्यासारख्या पोरीला घरी बसून कसं कळणार?

उत्तर : कळतं बेटा, आणि फुकट कळतं, फक्त वाचायचा कंटाळा नको. अमेरिकेत लिस्ट असलेली प्रत्येक तिकडची कंपनी वर्षातून एकदा १०-के नावाचा रिपोर्ट सरकारकडं देते, तो तिथल्या एसईसीच्या, म्हणजे शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, साइटवर कुणालाही उघडता येतो. पूर्ण वाचू नकोस, रिस्क फॅक्टर्स नावाचा भाग काढ आणि त्यात स्टँडर्ड हा शब्द शोध. 'आमचं उत्पादन अमुक स्टँडर्डवर चालतं आणि ते मागं पडलं तर' असं वाक्य बहुतेक सापडतंच, पण ते सगळेच लिहितात, म्हणून तिथं थांबू नकोस. पुढं कमाई कुठून आली त्याचा तक्ता बघ, एकाच वस्तूतून निम्म्याच्या वर येत असेल तर खूण करून ठेव. एकच ग्राहक १० टक्क्यांच्या वर असेल तर त्यांना ते पण लिहावं लागतं, ते बघ.

निम्म्याच्या वर असं का म्हणतो ते आयोमेगावरून समजेल. झिप ड्राइव्ह बनवायची ही कंपनी, १०० एमबीची एक डिस्क, फ्लॉपी १.४४ एमबीची असताना. प्रिंटरच्या पोर्टाला जोडायचा ड्राइव्ह यायचा, डीटीपीवाले आणि पत्रिका छापणारे सगळे वापरायचे. १९९६ मध्ये अमेरिकेत त्या शेअरचं वेड लागलं होतं. मग सीडी रायटर स्वस्त झाले, त्यानंतर यूएसबीचे पेनड्राइव्ह आले, आणि झिप डिस्क फक्त झिप ड्राइव्हमध्येच चालते हीच तिची अडचण झाली. २००८ मध्ये ईएमसी नावाच्या कंपनीनं ती कंपनी २१ कोटी डॉलरच्या आसपास घेतली. रिपोर्टमधला कमाईचा तक्ता ज्यांनी बघितला असेल त्यांना आधीच दिसलं असणार की झिप काढली तर मागं फारसं काही उरत नाही.

तुझ्या कंपनीचं नाव पत्रात नव्हतं. ते कळव, आणि तिच्या दोन वर्षांच्या रिपोर्टमधला कमाईचा तक्ता वहीत उतरवून सोबत पाठव, पुढच्या अंकात तोच समोर ठेवून बोलू.